बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेल्यांचे हृदय

हृदयविकाराच्या पेशंटला जेवण, चालणं, तंबाखू याबद्दल सांगायला बसलं की आमच्या लोहा-कंधार भागात एक उत्तर हमखास येतं. "डॉक्टरसाहेब, आमचा आज्जा रोज लोणी-तूप खायचा, चिलीम ओढायचा, तरी ऐंशी वर्षं जगला. गोळी कशी असते ते त्याला माहीत नव्हतं. मग मला पन्नाशीतच अटॅक कसा आला?" हे बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर ईसीजीच्या कागदावर सापडत नाही. ते गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांच्या इतिहासात सापडतं. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी आज्ज्याबद्दल. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पटकी, देवी, हिवताप, क्षय, बाळंतपण आणि लहान मुलांची हगवण यांनी माणसं जायची. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात, तेवढं आयुष्यच बहुतेकांना मिळत नव्हतं. ऐंशीपर्यंत पोचलेला आज्जा घराघरात लक्षात राहिला, पंचविशीत गेलेले त्याचे भाऊ विसरले गेले. शिवाय मरणाचं कारण कोण लिहून ठेवत होतं? "छातीत कळ आली अन् गेला", "अंगावरून वारं गेलं" ही वाक्यं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पहिलं बहुधा हार्ट अटॅकचं वर्णन आहे आणि दुसरं पक्षाघाताचं. म्हणजे हे आजार तेव्हाही होते, फक्त त्यांना नाव नव्हतं.

पण पेशंटचं अर्धं म्हणणं खरंही आहे. जे जगले, त्यांचा दिवस हृदयाला मानवणारा होता. तो त्यांनी तब्येतीसाठी निवडलेला नव्हता, त्यांच्या वाट्याला आलेला होता.

लोहा तेव्हा कंधार तालुक्यातलं गाव. बाजाराला चालत जायचं, शेताला चालत जायचं, सोयऱ्याकडे चालत जायचं. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला लोक कोसच्या कोस पायी नाहीतर बैलगाडीने यायचे, आणि जनावर विकत घेतलं तर ते हाकत परत चालत जायचे. बायकांचं काम तर त्याहून मोठं. पहाटे उठून जात्यावर दळण, आडावरून पाणी, मग दिवसभर निंदण-खुरपण. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे हात सुटले, आणि ते फार चांगलं झालं. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आठवडाभर पहाटे चारला उठून पायलीभर ज्वारी दळून पाहावी. मात्र गिरणीने वाचवलेल्या त्या तासात शरीराला दुसरं काही काम मिळालं नाही, ही गोष्टही नोंदवून ठेवली पाहिजे.

याच सुमारास लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस नावाचे एक संशोधक बसगाड्यांकडे पाहत होते. तिथल्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे, कंडक्टर तिकिटं फाडत वर-खाली फिरत असे. दोघांचं घर, पगार, जेवण साधारण सारखंच. तरीही कंडक्टरांपेक्षा ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार बराच जास्त निघाला, आणि अचानक मरण येण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त. कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढत होता, एवढाच काय तो ठळक फरक. हा अभ्यास १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे मॉरिस यांनी बस कंपनीच्या शिंप्याकडचे गणवेशांचे आकडे काढले, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला आधीपासूनच मोठ्या असल्याचं दिसलं. मला हा दुसरा भाग जास्त आवडतो. संशोधकाने स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली आणि त्यासाठी शिंप्याची वही उघडली. पोस्टमन आणि पोस्टातले कारकून यांचीही तुलना झाली, तिथेही फिरणाराच फायद्यात निघाला.

आज लोह्यातला माणूस बाजारात जायला मोटारसायकल काढतो. शेत दोन किलोमीटरवर असलं तरी मोटारसायकल, आणि शेतात ट्रॅक्टर. मी आठवड्यात १५० मिनिटं चाला म्हणतो, तेव्हा पेशंट म्हणतो, "आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला कशाला व्यायाम?" हे उत्तर त्याच्या वडिलांच्या बाबतीत बरोबर होतं.

बहात्तर साल

आता मूळ विषयाकडे येतो. १९७० पासून पाऊस ओढ देऊ लागला आणि १९७२ ला पिकं साफ गेली. महाराष्ट्राने त्या शतकात पाहिलेल्या सर्वांत कठीण दुष्काळांपैकी तो एक. मराठवाड्यात विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलाने विकली गेली. रोजगार हमीची सुरुवात याच दुष्काळातली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. त्यात बायका होत्या, आणि त्या बायकांमध्ये गरोदर बायकाही होत्या. रेशनवर परदेशातून आलेली लालसर मिलो मिळायची. त्या मिलोच्या भाकरीची चव आठवली की आजही जुनी माणसं तोंड वाकडं करतात. कामावर सुकडी वाटली जायची. या व्यवस्थेने लाखो लोकांचा जीव वाचवला, हे निःसंशय. भूकबळींचा मोठा आकडा टळला तो त्यामुळेच. पण जीव वाचणं आणि पोटातल्या बाळाला पुरेसं मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या काळात पोटात असलेली, जन्मलेली मुलं आज पन्नाशीच्या आतबाहेर आहेत. माझ्या दवाखान्यात छातीवर हात ठेवून येणाऱ्यांमध्ये या वयाचे लोक बरेच असतात.

आईच्या पोटातल्या भुकेचा पन्नास वर्षांनंतरच्या हृदयाशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. तिथे हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत लिहीत असत. त्या वह्या टिकल्या. डॉ. डेव्हिड बार्कर यांना त्या सापडल्या आणि त्यांनी १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या पुरुषांचं पुढे काय झालं ते शोधून काढलं. जन्मतः आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. हा निष्कर्ष १९८९ चा. दुसरा पुरावा हॉलंडचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने अन्न अडवलं आणि शहरांत माणशी रेशन कमालीचं घटलं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या आया उपाशी होत्या, त्या मुलांमध्ये मोठेपणी हृदयविकार जास्त आढळला.

समजायला सोपं करून सांगतो. पोटात अन्न कमी आलं की बाळ काटकसर करतं. मेंदूला आधी देतं, स्नायूंना, मूत्रपिंडांना, स्वादुपिंडाला कमी. "बाहेर दुष्काळ आहे" असा निरोप त्याला मिळालेला असतो आणि त्या हिशेबाने ते शरीर बांधतं. असं शरीर पुढेही आयुष्यभर भाकरी-चटणी खात आणि राबत राहिलं, तर गाडी बरी चालते. पण त्याच माणसाला चाळिशीत खुर्ची, मोटारसायकल, गोड चहा आणि रोजची भजी मिळाली, की काटकसरीसाठी बांधलेलं शरीर ते सगळं पोटाभोवती साठवतं.

आपल्याकडे हे काम डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलं, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधून. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायका शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडची बाळं साडेतीन किलोच्या आसपास. नवल पुढेच आहे. आपल्या बाळांचे हातपाय बारीक, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने शाबूत. म्हणजे पावणेतीन किलोचं काटकुळं दिसणारं बाळही आतून चरबी राखून होतं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. पाथरी, तांदुळजा, अंबाडी, चुका या आपल्या बांधावरच्या भाज्यांना याहून मोठं प्रशस्तिपत्र काय हवं?

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो आला. दोघांची उंची-वजनाची गोळाबेरीज, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. "साहेब, माझं तर पातळ अंग, मला कशी काय शुगर?" असं विचारणाऱ्याला मी या फोटोची गोष्ट सांगतो. आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप खरी. बेंबीच्या पातळीवर पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी. घरात टेप नसेल तर सुतळीने मापून ती पट्टीवर धरावी.

हे वाचून बहात्तरला जन्मलेल्यांनी कपाळाला हात लावू नये. २००४ मध्ये ५२ देशांतल्या हृदयविकाराच्या रुग्णांचा 'इंटरहार्ट' नावाचा फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला दक्षिण आशियाचा भाग २००७ मध्ये स्वतंत्रपणे छापला गेला. त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिला हार्ट अटॅक मध्यमान ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत तो ५९ च्या सुमारास, असं त्यात दिसलं. साधारण सहा वर्षं आधी. पण तंबाखू, ब्लडप्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉलचा बिघाड, पोटाचा घेर, व्यायामाचा अभाव, फळं-भाज्या न खाणं या गोष्टी हिशेबात धरल्यावर कमी वयात अटॅक येण्यातला फरक बहुतांशी नाहीसा झाला. म्हणजे आपल्या रक्तात काही शाप नाही. या गोष्टी आपल्याकडे लवकर सुरू होतात, एवढंच. जन्माचं वजन बदलता येत नाही, वरची यादी बदलता येते.

भाकरी, करडई आणि डालडा

दुष्काळानंतर ताट बदललं. रेशनवर गहू-तांदूळ नियमित झाले. कापूस आणि पुढे सोयाबीन आलं, ज्वारीचं रान आटत गेलं. कडबा लागायचा तो बैलांसाठी, बैल गेले तसा कडब्याचाही आग्रह गेला. ज्वारीत चोथा भरपूर, ती हळू पचते, पोट लवकर भरतं. मी ज्वारीचा पक्षपाती आहे, लपवत नाही. पण शुगरच्या पेशंटने चार भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारीही शुगर वाढवतेच. दीड भाकरी, वाटीभर वरण, दोन वाट्या भाजी, हे प्रमाण सांभाळलं तर तिचा उपयोग.

तेलाचा इतिहास जास्त गमतीचा आहे. घाण्यावरचं करडईचं तेल हे मराठवाड्याचं जुनं तेल. लग्नाकार्यात मात्र डालडा आला. १९३७ पासून डालड्याचा तो पिवळा डबा बाजारात होता, आणि रिकामा झाल्यावर तुळशीसाठी नाहीतर धान्य मापायला घराघरात राहिला. पातळ तेलात हायड्रोजन घालून ते तुपासारखं घट्ट करायचं, अशी ती कृती. या कृतीत ट्रान्सफॅट तयार होतात आणि ते हृदयाला लोण्यापेक्षाही वाईट, हे नव्वदच्या दशकापर्यंत स्पष्ट झालं. सरकारी मर्यादा हळूहळू खाली येत १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. कायद्याने पाकीटबंद मालाला लगाम बसला. स्टँडवरच्या कढईत तेच तेल दिवसभर उकळत राहतं, तिथे कायदा पोचत नाही.

करडईचं म्हणाल तर तिला ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन परीक्षा द्यावी लागली. १९६६ ते १९७३ दरम्यान सिडनीत हृदयविकाराच्या ४५८ पुरुष रुग्णांपैकी निम्म्यांना लोणी-चरबी सोडून करडईचं तेल आणि त्याचं मार्गारीन भरपूर खायला दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. २०१३ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा हे पक्कं झालं. याचा अर्थ करडई वाईट असा घेऊ नका. इतर अनेक अभ्यासांत तुपा-लोण्याऐवजी पातळ तेलं वापरण्याचा फायदाच दिसला आहे. पण कुठलंही तेल औषधासारखं ओतून घ्यायची वस्तू नाही, एवढं त्यातून घ्यावं. करडई, शेंगदाणा, सोयाबीन, जे परवडेल ते आलटून पालटून वापरा. माणशी महिन्याला अर्धा लिटर, फार तर पाऊण. पाच माणसांच्या घरात पाच किलोचा डबा पंधरा दिवसांत संपत असेल, तर कोणतं तेल याची चर्चा निरर्थक आहे.

तंबाखूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे दोन बाजू नाहीतच. "मी ओढत नाही, नुसती मळून खातो" असं सांगणारे खूप. इंटरहार्टमध्ये चघळायच्या तंबाखूनेही हार्ट अटॅकचा धोका सुमारे दुप्पट दिसला. बायकांची मिश्रीही तंबाखूच. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, ती पानटपरीवर किती दिसते ते आपण सगळे जाणतो.

सर्पगंधा आणि ब्लडप्रेशरचं यंत्र

आज्ज्याला जी गोष्ट कधीच कळली नसती ती म्हणजे त्याचं ब्लडप्रेशर. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचं तंत्र १८९६ चं, स्टेथोस्कोप लावून ऐकण्याची पद्धत १९०५ ची. पण मोजून करायचं काय, हे पुढची चाळीस वर्षं कुणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांचं ब्लडप्रेशर ३००/१९० च्या वर मोजलं गेलं होतं. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला द्यायला डॉक्टरांकडे उपयोगाची गोळी नव्हती.

ती गोळी आपल्याकडून गेली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा ब्लडप्रेशरवरील परिणाम पद्धतशीर मांडला. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्याविषयी लिहिलं होतं, पण वकिलांच्या लेखाने ती जगभर पोचली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा प्रतिष्ठित लास्कर पुरस्कार मिळाला. हे सांगितलं की कुणीतरी विचारतंच, "मग मुळीच द्या की." नाही. रिसर्पिनने मन खचतं, नाक चोंदतं, पोटाला त्रास होतो, आणि मुळीत ते किती आहे याचा भरवसा नाही. आजच्या गोळ्या त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आणि स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मोफतही मिळतात. अडचण असते ती "आता बरं वाटतंय" म्हणून महिन्याभरात गोळी बंद करणाऱ्यांची. ब्लडप्रेशर उतरलं ते गोळीमुळे. गोळी थांबली की ते परत चढतं, आणि चढताना बहुतेक वेळा काही सांगत नाही.

मिठाचा हिशेबही इथेच. दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. त्यात भाजीतलं, भाकरीच्या पिठातलं, लोणच्या-पापडातलं, ठेच्यातलं सगळं आलं. रानात घाम गाळणाऱ्या आज्ज्याला खारट ठेचा खपून गेला. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या नातवाला खपत नाही.

ज्यांचा जन्म सत्तर ते पंचाहत्तरच्या दरम्यानचा आहे, त्यांनी या महिन्यात तीन गोष्टी मोजून घ्याव्यात. ब्लडप्रेशर, उपाशीपोटी शुगर आणि कंबर. तिन्ही कामं लोह्यातच होतात, नांदेडला जायची गरज नाही. आणि छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखून घाम फुटला, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर गॅसची गोळी घेऊन वाट पाहत बसू नका, स्वतः मोटारसायकल चालवत निघू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो अशा सर्वांत जवळच्या दवाखान्यात पोचा. रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनचा सर्वांत जास्त उपयोग पहिल्या एक-दोन तासांत होतो, आणि रात्री दोनला दुखायला लागलं म्हणून सकाळची वाट पाहिलेल्या माणसाचे ते तास निघून गेलेले असतात.